घड्याळजींचा ट्रेलर

गावातल्या निम्म्या मनगटांवरची घड्याळं ज्याच्या हातून चालू झाली, त्याचा स्वतःचा ट्रेलर मात्र दर तीन-चार महिन्यांनी भर रस्त्यात बसायचा. दुसऱ्या कुणाला याची लाज वाटली असती. घड्याळजींना वाटत नसे. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांचा चेहरा उलट खुलायचा.

घड्याळजी हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवायला वेळ लागत असेल. त्यांचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर, दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत बसवलेलं. आत बसलेल्या माणसाने हात पसरले तर दोन्ही भिंतींवरची घड्याळं हाताला लागावीत एवढीच रुंदी. त्या फटीत, डोळ्याला भिंग लावून त्यांनी अडतीस वर्षं काढली. "जाऊ दे, नवंच घेतो," असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटे. "दुरुस्त होत नाही अशी वस्तूच नसते. दुरुस्त करणाऱ्याचा धीर सुटतो, एवढंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. सकाळी नऊला त्यांचं शटर वर गेलं की समोरच्या बँकेचा शिपाई आपलं घड्याळ त्यावर लावून घेई. एक मिनिट वाया गेलेलं त्यांना खपत नसे, स्वतःचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही.

त्यांच्या बायकोला सगळे सिस्टर म्हणत. मोठ्या दवाखान्यात त्या चौतीस वर्षं नर्स होत्या. त्यांची ड्यूटी संपायची तेव्हा घड्याळजींचं दुकान उघडायचं, आणि दुकान बंद व्हायचं तेव्हा सिस्टर चपला घालत असायच्या. रविवारी वॉर्डात कामाला माणसं कमी, म्हणून रविवार हटकून सिस्टरांच्या वाट्याला. दोघांनी संसार केला तो जिन्यात. ते चढताना, त्या उतरताना, "दूध तापवलंय," "बिल भरलंय," "मुलीचा फोन होता." भांडायलासुद्धा वेळ नसल्यामुळे संसार सुखाचा झाला, असं सिस्टर हसत सांगत.

सिस्टर रिटायर झाल्या, त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आपली जुनी बोट काढायला घेतली. चार माणसांची, मागे छोटी मोटर असलेली पांढरी बोट. घड्याळजींनी ती बघताक्षणी घेतली. "आता रविवार आपले," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, बोटीखालचा ट्रेलरही घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी होईल. डॉक्टरांच्या आवाजात एवढा आनंद का आहे, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

तलाव गावापासून तासाभराच्या रस्त्यावर. तिथे पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार आहे. ट्रेलर उलटा त्या उतारावरून चाकं बुडेपर्यंत पाण्यात न्यायचा, मग बोट अलगद तरंगते. गाडीत घड्याळजी, ट्रेलरच्या पुढच्या चरखीपाशी दोर सैल करायला सिस्टर. पहिल्या दिवशी या कामाला पाऊण तास लागला. घड्याळजींनी लगेच खिशातलं स्टॉपवॉच काढलं. दुसऱ्या रविवारी वीस मिनिटं, मग बारा, आणि मग सात. पोचल्यापासून सात मिनिटांत बोट पाण्यात! उतारावरची बाकीची मंडळी अजून दोऱ्या सोडत, सिगारेट ओढत, आभाळाकडे बघत उभी असायची, आणि आमचे घड्याळजी पार तलावाच्या मध्यावर.

जायचं ठरल्या वेळी, यायचं मात्र ट्रेलरच्या मर्जीने. एकदा मागचे दिवे गेले. एकदा स्प्रिंगचा पाटा तुटला. आणि चाकांची बेअरिंग तर दोन वर्षांत चार वेळा गेली. घड्याळजी दर वेळी रस्त्याच्या कडेला सतरंजी पसरून ट्रेलरखाली शिरत, नवं बेअरिंग बसवत, ग्रीस भरत, आणि बाहेर येऊन म्हणत, "आता वीस वर्षं बघायला नको." पुढच्या खेपेला लागतील म्हणून त्यांनी हत्यारांची पेटी केली. पेटीत भर पडत पडत ती दोघांनी मिळून उचलावी लागेल एवढी झाली. ती बोटीत ठेवत, म्हणजे ट्रेलरला स्वतःच्या दुरुस्तीचं ओझं स्वतःच वाहावं लागे.

मग तो रविवार आला. ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा होता, सिस्टरांच्या मांडीवर चहाचा थर्मास होता आणि घड्याळजी शीळ घालत होते. एवढ्यात उजव्या बाजूने एक चाक त्यांना मागे टाकून पुढे गेलं. एकटंच. ना गाडी, ना माणूस. सरळ रेषेत, चांगलं ऐटीत.

"अगं, ते बघ," घड्याळजी म्हणाले, "कुणाचं तरी चाक निघालंय. लोक गाडीची निगा म्हणून राखत नाहीत."

सिस्टर मान वळवून मागे बघत होत्या. "अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "ते आपलं आहे."

पुढचं वाक्य मागून ट्रेलरने पुरं केलं. लोखंड डांबरावर घासल्याचा असा आवाज झाला की शेतातले बगळे उडाले. चाक तोवर उतारावरून आरामात खाली गेलं, वळणावरच्या बसथांब्याच्या बाकाला टेकलं आणि आडवं पडलं. सिस्टर ते आणायला चालत गेल्या. घड्याळजींनी जॅक लावला, पेटी उघडली, बाह्या सरसावल्या. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटत होतं. आता तासभर हाताला काम होतं.

त्यांनी मान वर केली तेव्हा थांब्यावर बस उभी होती आणि सिस्टरांचा एक पाय बसच्या पायरीवर होता. चाक त्यांनी बाकावरच्या एका आजोबांच्या स्वाधीन केलं होतं.

"अगं, कुठे निघालीस?" घड्याळजी ओरडले.

"घरी!" सिस्टर तिथून ओरडल्या. वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा आवाज तो, सगळ्या बसला ऐकू गेला. "चौतीस वर्षं इमर्जन्सीत काढली मी. आता रविवारी रस्त्यात इमर्जन्सी नको. धड ट्रेलर आणा, नाहीतर बोट विकून टाका. आणि नवाही असाच रस्त्यात बसला, तर मग तुमची बोट आणि तुम्ही. मी काही येणार नाही!"

बस गेली. आजोबा काठी टेकत, चाक घरंगळवत आले आणि म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे." असा अनाहूत निकाल ऐकून घड्याळजी पुन्हा ट्रेलरखाली शिरले. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं दुरुस्तीत मन लागेना.

बोट एकट्याने पाण्यात घालता येत नाही, हे खरं. पण दुखत होतं ते निराळं. तलावाच्या मध्यावर मोटर बंद केली की सिस्टर पुढच्या फळीवर बसून पाय पाण्यात सोडत आणि गाणी म्हणत. सुराशी त्या गाण्यांचा दूरचाही संबंध नसे. अर्धी गाणी शब्द विसरल्यामुळे गुणगुणण्यावरच चालत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपली बायको गाते हे घड्याळजींना ठाऊक नव्हतं. जिन्यात कोण गातं? ते गाणं बंद होणार या विचाराने, साठीला आलेला तो माणूस आठवडाभर चावी द्यायची राहिलेल्या घड्याळासारखा मंद चालला. बुधवारी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तास-काट्याच्या जागी मिनिट-काटा बसवला. असं कधी झालं नव्हतं.

बातमी ऐकून साडू आले. घड्याळजींचे साडू म्हणजे ज्याला त्यातलं सगळं कळतं आणि ज्याने त्यातलं काहीच केलेलं नाही असा माणूस. "डबल ॲक्सल घ्या, चार चाकं," ते म्हणाले. "एक निघालं तरी तीन राहतात."

"आणि फाटकातून आत कसा आणायचा?"

"फाटक तोडायचं," साडू म्हणाले आणि चहा मागून घेतला.

शनिवारी दुकान लवकर बंद करून घड्याळजी ट्रेलरच्या यार्डात निघाले, तर सिस्टर आधीच गाडीत बसलेल्या. "पेशंट सीरियस आहे म्हटल्यावर नातेवाइकांनी यायला हवं," एवढंच त्या म्हणाल्या. घड्याळजींना हायसं वाटलं.

यार्ड गावाबाहेर, खडी पसरलेल्या मोकळ्या जागेत. रिकामे ट्रेलर ओळीने उभे. रबराचा आणि रंगाचा वास. मालकीण निळ्या डगल्यातली, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलायला रोखठोक बाई. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "बोटीचं वजन किती?"

घड्याळजींनी वजन किलोला किलो बरोबर सांगितलं.

"हे रिकाम्या बोटीचं," सिस्टर म्हणाल्या आणि पर्समधून कागद काढला. "मोटर, भरलेली टाकी, नांगर, दोर, वल्ही. आणि यांची पेटी. ती मी काल दोन वॉर्डबॉय बोलावून आमच्या दवाखान्याच्या काट्यावर घालून आणली. मोटरीपेक्षा पेटी जड आहे."

मालकिणीने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा घड्याळजींकडे. "एवढी हत्यारं कशाला लागतात हो?"

आता घड्याळजींची पाळी होती. त्यांनी खिशातून घड्याळाची डबी काढली. आत कापसावर, नाजूक घड्याळाचा भाग ठेवावा तसं ते गेलेलं बेअरिंग ठेवलं होतं. "दोन वर्षांत हे पाचवं. माल खराब येतोय सगळा. पाणी अडवणारं सील मी स्वतः बसवलं, ग्रीस मी स्वतः भरलं."

बाईने बेअरिंगवर बोट फिरवलं. बोटाला पांढुरकं, दुधाळ काहीतरी लागलं. "ग्रीस काळं-पिवळं असतं. याचा तर दुधाचा चहा झालाय. पाणी गेलंय आत."

"शक्यच नाही."

"मला एक सांगा. तलावावर पोचल्यावर किती वेळाने बोट पाण्यात घालता?"

दोन वर्षांत हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून घड्याळजी झुरत होते. छाती पुढे काढून ते म्हणाले, "सात मिनिटं!"

बाईने कपाळाला हात लावला. "तरीच! अहो, तासभर पळून चाकाचा मधला भाग किती तापलेला असतो. आतली हवा फुगलेली. तसाच नेऊन गार पाण्यात बुडवला की ती हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. बेअरिंग कुठलंही घाला, सोन्याचं घाला. पोचल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. उतारावर बाकीची माणसं काय हवा खायला उभी असतात?"

घड्याळजींनी डबी मिटून खिशात घातली. याच तोंडाने, दुकानाच्या त्या फटीत बसून त्यांनी अडतीस वर्षं गिऱ्हाइकांना दरडावलं होतं: घड्याळ घालून गरम पाण्याने अंघोळ कराल आणि तसाच हात गार नळाखाली धराल, तर आतली हवा आकसून पाणी ओढेल, काचेखाली वाफ धरेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका. हे वाक्य त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून दुकानात टांगलेलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाणही कोरडा राहिला नव्हता.

त्यांनी हळूच बायकोकडे बघितलं. आता तोफ सुटणार. पण सिस्टरांचे खांदे हलत होते. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना, शेवटी त्या शेजारच्या टायरवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "पुठ्ठा!" एवढाच शब्द त्यांना बोलता आला. मालकिणीला काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली. मग घड्याळजींनाही राहवलं नाही.

हसून झाल्यावर त्यांनी आशेने विचारलं, "मग जुनाच अर्धा तास थांबवला तर?"

"त्याच्या सांगाड्याला हात लावलात का कधी?" बाई म्हणाली. "गंजून चाळण झालीय त्याची. तुम्ही आणलेल्या फोटोतसुद्धा भोकं दिसतायत. त्याला आता निरोप द्या."

आयुष्यात पहिल्यांदा घड्याळजींनी मान्य केलं की दुरुस्त न होणारी वस्तू असते. मग निवड सुरू झाली. घड्याळजींचं मन जडलं ते एका निळ्या, लखलखीत ट्रेलरवर. त्यात तोंड दिसत होतं. भिंग लावून त्यांनी त्याचा एकेक जोड तपासला आणि खूश होऊन मान डोलावली. सिस्टर मात्र ओळीच्या टोकाला, एका करड्या, मळकट दिसणाऱ्या ट्रेलरपाशी थांबल्या होत्या. लोखंडावर आतून-बाहेरून जस्ताचा मुलामा, दोनच चाकं, बोट घसरत चढावी म्हणून रबरी रोलर.

"हा? याला रंगसुद्धा नाही," घड्याळजी म्हणाले.

"स्ट्रेचर घेताना कुणी रंग बघतं का? चाक बघायचं, ब्रेक बघायचा, आणि ढकलणाऱ्याची कंबर राहते का ते बघायचं." सिस्टरांनी करड्याची चरखी एका हाताने फिरवून दाखवली. दांडा बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला येत होता. मग निळ्याची फिरवायला गेल्या, तर पार वाकावं लागलं. "तुमच्या निळ्याची चरखी तुम्ही फिरवणार का? तुम्ही तर गाडीत बसलेले असता."

"रंगाखाली गंज कधी धरतो ते कळतही नाही," मालकिणीने पुस्ती जोडली. "याला पाण्याचं काही वाटत नाही. तुमच्या कागदावरचं सगळं वजनही हा पेलेल. पेटीसकट."

"पेटी येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. आणि करडा ट्रेलर घरी आला. फाटकही वाचलं.

रविवारी निघताना घड्याळजींनी शीळ घातली नाही. नवा असला म्हणून काय झालं, अट अटच होती. तासभर त्यांचे कान मागे होते. खडखड झाली की ते गाडी कडेला घेत, मग कळे की ती थर्मासच्या झाकणाची. उजवीकडून एक सायकलवाला पुढे गेला तरी ते दचकले. बसथांबा आला, गेला. शेवटी तलाव दिसला आणि दोन्ही चाकं जागच्या जागी होती.

जुन्या सवयीने त्यांनी गाडी वळवून ट्रेलर सरळ उताराकडे नेला. सिस्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "अर्धा तास."

अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं, म्हणजे अठराशे सेकंद, हे घड्याळजींएवढं कुणाला कळणार? ते उतरले. ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या. दोर तपासले. परत तपासले. घड्याळ बघितलं, चार मिनिटं झाली होती. सिस्टरांनी काठावर सतरंजी पसरली, तीच, ट्रेलरखाली घालायची, ग्रीसच्या डागांची. चहा ओतला. मग जाऊन चाकाच्या मध्यावर त्यांनी हाताची मागची बाजू टेकवली, कपाळाला लावतात तशी. "ताप आहे अजून," त्या म्हणाल्या. "बसा."

घड्याळजी बसले. आता बसून करायचं काय, तर बोलणं. पहिल्या दिवशी दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. मग सिस्टरांनी वॉर्डातल्या एका आजींची गोष्ट काढली, रोज नवा जावई पसंत करणाऱ्या. ती संपते तो घड्याळजींना एक गिऱ्हाईक आठवलं, बायकोला उशीर कळू नये म्हणून घड्याळ मागे लावून घेणारं. तीस मिनिटं कुठे गेली कळलं नाही. मग चाक गार झालं, बोट पाण्यात गेली, सिस्टर गायल्या, आणि ट्रेलर कुरकुर न करता घरी आला. घड्याळजींना इतका आनंद झाला की त्यांनी साडूंना फोन करून न घेतलेल्या डबल ॲक्सलबद्दलही आभार मानले.

असे दोन महिन्यांचे रविवार गेले. बेअरिंग कुठलं गेलं नाही. उतारावरच्या मंडळींशी ओळखी झाल्या. एका रविवारी, असाच चहा पिता पिता, सिस्टर पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू? त्या दिवशी बसमध्ये चढून मी बोट विका म्हणाले ना, घरी पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं, हे खरंच विकून मोकळे झाले तर?"

"मला वाटलं, तुला नकोच झालंय सगळं."

"नको कसं होईल? सगळा जन्म तुम्हाला जिन्यात बघितलं. कुठे आता बसलेले बघायला मिळताय."

घड्याळजींनी बायकोचा कप घेतला. त्यात आपल्यातला उरलेला चहा ओतला. सिस्टर उठल्या, चाकापाशी गेल्या आणि हात टेकवला. "ताप आहे अजून," म्हणाल्या आणि येऊन बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा गेल्या. "आहे अजून थोडा."

घड्याळजींची नजर सवयीने मनगटावर गेली. एक तास दहा मिनिटं झाली होती. मग ते स्वतः उठले. चाकाच्या मध्यावर तळवा ठेवला. लोखंड माठातल्या पाण्यासारखं गार होतं. त्यांनी वळून सतरंजीकडे बघितलं. सिस्टर मुद्दामच दुसरीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती.

"हो गं," घड्याळजी म्हणाले, "बराच आहे ताप." आणि परत येऊन बसले.